तेरची काळी आणि तेरची पांढरी

(तेर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाचा विषय दुपारच्या सत्रात आहे. त्याआधीचा हा तास आम्ही मुद्दाम मागून घेतला. आपण ज्या गावात बसलो आहोत त्या गावाबद्दल बोलायचं आहे. परंडा, भूम, उमरगा, लोहारा, लांबलांबून मंडळी आली आहेत. बहुतेकांना तेर माहीत आहे ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून. चैत्रातल्या यात्रेला येऊन गेलेल्यांनी हात वर करा म्हटलं तर निम्मी सभा हात वर करील. पण समाधीवर माथा टेकवून आणि तेरणेत पाय धुऊन परत जाणाऱ्याला आपण कशावर उभे होतो ते कळत नाही. ते कळावं म्हणून हा तास.

आपल्याकडं गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात. पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. जुन्या वतनी कागदांत हीच भाषा आहे. पांढरीला पांढरी का म्हणतात? एकाच जागी माणसं शेकडो वर्षं राहिली, मातीची घरं बांधली, ती पडली, त्याच मातीवर पुन्हा उभी केली. चुलीची राख, शेण, चुना, फुटकी खापरं, हाडं सगळं तिथंच मुरलं. त्यानं मातीचा रंगच पालटला. ज्या गावाची पांढरी उंच ते गाव जुनं, हा हिशेब आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होता. तेरची पांढरी दोन हजार वर्षांहून जुनी आहे. गावात आणि गावाभोवती जी टेकाडं दिसतात ती डोंगराची पिल्लं नव्हेत. ती माणसांच्या राहण्यानं उंच झालेली आहेत.

आधी काळीबद्दल बोलू, कारण आपण काळीची माणसं.

तेरणा नदी तेरखेड्याकडं बालाघाटच्या डोंगरात निघते. इथून पुढं जाऊन मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. ज्येष्ठात ओलांडताना वहाण भिजत नाही आणि भाद्रपदात ओलांडायची म्हटलं तर छाती होत नाही, अशी ही नदी. तेरजवळ तिच्यावर मातीचं धरण घातलं आणि गावाला तळं मिळालं. तळं कुणाला आवडत नाही? पण धरण माळावर बांधत नाहीत, खोलगटात बांधतात, आणि खोलगटातली जमीन म्हणजे नदीकाठची भारी काळी. गावाची सगळ्यांत चांगली जमीन पाण्याखाली जाते आणि माळाची मुरमाड तेवढी वर राहते. मग त्याच पाण्यावर खालच्या अंगाचा ऊस उभा राहतो आणि शहराचे नळ चालतात. ज्याची जमीन बुडाली त्याच्या वाट्याला मोबदल्याचा कागद येतो आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाळपेर करायची परवानगी. ही गोष्ट एकट्या तेरची नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक तलावाच्या काठावर ती सांगायला माणूस सापडेल.

तरीही तळ्यानं गावाला जे दिलं ते नाकारायचं कारण नाही. विहिरींना पाझर लागला, मासेमारीवर घरं चालली. थंडीत पहाटे काठावर गेलात तर चक्रवाकांच्या जोड्या दिसतात. अंगानं केशरी, आवाजानं सायकलच्या भोंग्यासारख्या. हिमालयापलीकडून येतात. काठाच्या चिखलात शेकाट्या लांब लाल पायांवर चालत असतात, टिबुकल्या बुड्या मारतात. आणि ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. गोफण घेऊन मचाणावर बसलेल्या पोराला भोरडी पाहुणी वाटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तीच भोरडी नाकतोडे आणि टोळही मटकावते. पूर्वी रब्बीत नजर जाईल तिथवर मालदांडी उभी असायची, तेव्हा पाखराचं खाणं दहा गावांत वाटलं जायचं. आता शिवारात चार पट्टे ज्वारीचे राहिले, तर सगळा थवा त्या चार जणांवरच पडतो, आणि तेही पुढच्या वर्षी ज्वारी सोडतात. मग कडबा कुठून येणार, बैल कशावर पोसायचा, हे तुम्हीच सांगा.

इथून जवळच येडशीला रामलिंगचं जंगल आहे. १९९७ साली त्याचं अभयारण्य झालं, उणंपुरं बावीस चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जंगलात २०२४ च्या डिसेंबरात वाघ आला. तो टिपेश्वरचा, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला, असं वनखात्यानं ओळखलं. कापसाच्या एका मुलखातून निघून शेकडो किलोमीटर शेताशेतांतून चालत तो दुसऱ्या मुलखात आला. गुरं मारली, लोक धास्तावले, हे खरं. पण आपल्या नाल्याओढ्यांच्या काठानं, बाभळी-पळसाच्या आडोशानं अजून वाघ जाऊ शकतो इतकी वाट शिल्लक आहे, हे आम्हाला त्या वाघामुळं कळलं.

तळ्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. गाळ. हा गाळ कुठून आला? तुमच्या-आमच्या शेतातून. प्रत्येक मोठ्या पावसानं बांध फोडून जी वरची माती गेली ती तळ्यात बसली. १९७२ च्या दुष्काळात आपण खडी फोडली. २०१२-१३ ला छावण्यांत जनावरं नेली. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. आणि पाऊस आला तोही कसा? २०२० च्या ऑक्टोबरात, २०२१ च्या सप्टेंबरात, पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरात असा आला की नदीकाठच्या जमिनी खरवडून घेऊन गेला. परंडा-भूमच्या मंडळींना ते सांगायला नको, ज्यांच्या घरात पाणी शिरलं ते इथं समोर बसले आहेत. तेव्हा कोरडं पडलेलं तळं उकरून गाळ शेतात टाकायचा, हे काम शहाणपणाचं आहे. २०१७ साली सरकारनं त्याची योजनाच केली. तेव्हा यंत्राच्या डिझेलचा भार सरकारनं उचलायचा आणि वाहतूक शेतकऱ्यानं करायची, असं ठरलं. आमच्या मातीला आम्हीच भाडं मोजून घरी आणायचं! आणावी, तरीही आणावी. मुरमाड रानावर एक थर पडला की ओल धरते, हे ज्यानं केलं त्यानं पाहिलं आहे. पण गाळ आणायला निघालेला ट्रॅक्टर कधीकधी चुकीच्या टेकाडाला लागतो. त्याचं पुढं सांगतो.

आता पांढरी.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे सुमारे १,९५० वर्षांपूर्वी, इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रावरच्या व्यापाराची माहितीवही लिहिली. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, वारा कधी सुटतो, असला सगळा कामाचा मजकूर. त्या वहीला पेरिप्लस म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. त्यात भडोचच्या बंदराबद्दल सांगताना तो म्हणतो की इथं येणारा माल आतल्या दोन मोठ्या बाजारांतून येतो. पहिला पैठण, भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरा तगर, पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, आणि तगर हे फार मोठं शहर आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात. आणि तगरहून? तगरहून येतं कापड. जाडंभरडं कापड पुष्कळ, तलम मलमल नाना तऱ्हेची, आणखी एक खास जातीचं कापड, शिवाय आसपासचा इतर माल. हे सगळं गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशांतून भडोचला नेतात.

हे तगर कुठं, यावर पंडितांचे पुष्कळ वाद झाले. कुणी दौलताबादजवळ दाखवलं, कुणी जुन्नरला, कुणी धारूरला. १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं सांगितलं की तगर म्हणजे तेर. तगरचं तयर झालं, तयरचं तेर. अंतर जुळतं. आता हा हिशेब तुम्ही करून पाहा, तुम्हाला पंडिताची गरज नाही. पैठण ते तेर सरळ रेघेत दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं. दहा दिवसांत काटायचं तर रोजचे पाच कोस. भरलेली गाडी, रस्ता नाही, वाटेत गोदावरी उतरायची, बैलांना दुपारी सोडायचं. ज्यानं गाडी हाकली आहे तो सांगेल, पाच कोस बरोबर आहेत. फ्लीटनं गाडी हाकली नसेल, पण त्याचा हिशेब गाडीवानाच्या हिशेबाशी जुळला.

फ्लीटनंतर कझिन्स नावाचा अधिकारी येऊन देवळं पाहून गेला. १९५८ साली चापेकरांनी इथं उत्खनन केलं. त्यानंतरही खणलं गेलं. सातवाहनांच्या आधीपासूनच्या वस्तीचे थर निघाले. मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, रोमन धाटणीचे दिवे. गाव मोठं होतं याचा दुसराही पुरावा आहे. इसवी सन ६१२ च्या चालुक्यांच्या ताम्रपटात तगरच्या रहिवाशाचा उल्लेख येतो. त्याच्याही पुढं कोल्हापूरचे आणि कोकणचे शिलाहार राजे स्वतःला तगरनगरीचे स्वामी म्हणवून घेत. राज्य करायचे पंचगंगेच्या काठी, मिरवायचे तेरणेकाठचं नाव! जैनांच्या जुन्या करकंड राजाच्या कथेतही तेरापूर आणि धाराशिवची लेणी येतात. २०२३ साली जिल्ह्याला धाराशिव हे नाव सरकारी कागदावर मिळालं. तेरचं नाव मात्र कुणाला बदलावं लागलं नाही, ते वापरून वापरून आपोआपच झिजलं.

आम्हाला यात राजांपेक्षा कापडाचं अप्रूप आहे. ज्या मुलखातून आज कापूस बाहेर जातो त्या मुलखातून तेव्हा कापड बाहेर जात होतं. तो कापूस देशीच असणार. अमेरिकन कापूस आपल्याकडं आला तो अलीकडच्या दोन-अडीचशे वर्षांत. आखूड धाग्याचा, खोल मुळाचा, पावसानं ताण दिला तरी तग धरणारा गावरानी कापूस. आखूड धाग्याचं सूत गिरणीत तुटतं म्हणून तो मागं पडला, पण हातानं कातणाऱ्या बायांनी त्याचीच मलमल विणण्याजोगं सूत काढलं, आणि ती मलमल समुद्रापार गेली. त्या शतकात रोमचा प्लिनी लिहून गेला की हिंदुस्थान आपल्या साम्राज्यातून वर्षाला पाच कोटी नाणी ओढून नेतो. म्हणजे तिकडचे शहाणे तक्रार करत होते की आपला पैसा इकडं येतो.

इथं जरा सावध राहू. जुनं सगळं सोनंच होतं असं सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत, आम्हाला त्यांच्यात बसायचं नाही. तगरच्या बाजारात पैसा खेळला म्हणून तेरणेकाठच्या कुणब्याच्या घरात तो पोचला, असं सांगणारा एकही शिलालेख इथं सापडलेला नाही. राजाचा वाटा, गाडीवाल्या सावकाराचा वाटा, मग कोष्टी, मग कुणबी, ही उतरंड तेव्हाही असणारच. पण एक गोष्ट कागदावर, म्हणजे दगडावर, आहे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. जवळपास त्याच काळातला. नहपान राजाच्या या जावयानं भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण कायमचे ठेव म्हणून ठेवले. कुणाकडं ठेवले? गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडं, आजच्या भाषेत विणकरांच्या संघांकडं. एका संघाकडं २,०००, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसऱ्याकडं १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज झालं २४०, त्यातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. हिशेब चोख आहे, आम्ही करून पाहिला. राजघराण्यातला माणूस कोष्ट्यांच्या संघाला बँक समजून पैसा ठेवतो. कारण त्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालेल, बुडणार नाही, याची त्याला खात्री होती. मालाला कसबाची जोड होती आणि कसबाला बाजार होता, म्हणून पत होती. आज आपल्याला पीककर्जासाठी बँकेच्या दारात किती वेळ बसवतात आणि सावकार शेकडा किती घेतो, ते आम्ही तुम्हाला काय सांगावं?

मधल्या काळात काय झालं? इंग्रजांनी बार्शी लाइट रेल्वे बांधली. १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी, मग येडशी-ढोकीवरून १९११ ला लातूरपर्यंत. अडीच फुटी रूळ. तुमच्यातल्या वयस्करांनी त्या गाडीतून पंढरीची वारी केली असेल, चढावर उतरून तिच्या बरोबरीनं चाललाही असाल. या गाडीला वारकरी हवे होते आणि कापूस हवा होता. या टापूतला कापूस बार्शीच्या जिनात जायचा, तिथून गाठी मोठ्या लाइनीनं मुंबईला. पूर्वी बैलगाडी रस्ता नसताना कापड घेऊन जायची, आता रूळ आले आणि रुई गेली. वाहतूक सुधारली, माल मात्र कच्चा झाला.

पुढं १९७१ चा कायदा झाला आणि १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली. कापूस पिकवायचा तुम्ही, विकायचा फक्त सरकारच्या केंद्रावर, आणि राज्याची हद्द ओलांडली तर गुन्हा. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल तीस दिवस चालून समुद्र ओलांडत होता आणि आमच्या बापाला शेजारच्या आंध्रात गाडी नेता येत नव्हती. २००२ च्या हंगामापासून ते दार उघडलं. त्याच वर्षी बीटी बियाण्याला परवानगी मिळाली, तीही सगळी अमेरिकन जातीच्या संकरात. गावरानी आणखी मागं सरला. जिल्ह्यात आता कापसापेक्षा सोयाबीनच जास्त दिसतं, तुमच्यातल्या कित्येकांनीही ते धरलं आहे. आम्ही त्यांना दोष देत नाही.

तरी एक साधा हिशेब मांडतो. क्विंटलभर कापसातून ३३-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. घटतूट धरूनही तेवढ्या रुईत शंभर तरी सदरे होतात. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. धाराशिवच्या दुकानात एका सदऱ्याला काय पडतं ते तुम्ही परवाच्या दिवाळीत मोजलं आहे. मधल्या पैशातला कितवा हिस्सा कुठं थांबतो, हे दुपारी बोलू. तेरच्या तेव्हाच्या बाजारात तो हिस्सा तेरमध्ये थांबत होता, एवढंच आत्ता ध्यानात ठेवा.

आता तेरची वीट. इथल्या संग्रहालयात जाऊन आलात तर लोक तिचीच गोष्ट सांगतील, कारण ती पाण्यावर तरंगते. यात चमत्कार काही नाही. मातीत भाताचं तूस भरपूर कालवायचं, वीट भाजताना तूस जळून जातं, आत बारीक पोकळ्या राहतात, वीट हलकी होते. भिंतीचा आणि छताचा भार कमी होतो. तेलंगणातल्या रामप्पाच्या देवळाच्या शिखरातही अशा हलक्या विटा आहेत, ते देऊळ तेराव्या शतकातलं. तेरच्या विटा त्याच्याही कितीतरी आधीच्या. आणि भाताचं तूस होतं म्हणजे भात कांडला जात होता. ज्वारीच्या मुलखात विटांपुरतं तूस निघण्याइतका भात! नदीकाठी त्या काळी ओल किती असेल याचा अंदाज करा.

अशा विटांचं बांधकाम पाहायचं तर त्रिविक्रमाचं देऊळ पाहा. मागून पाहिलं तर पाठ गोल, वर विटांचं गजपृष्ठाकार छप्पर. हे मुळात बौद्धांचं चैत्यगृह, पुढं त्यात विष्णूची मूर्ती आली. महाराष्ट्रात लेणी खूप आहेत, पण जमिनीवर बांधलेल्या आणि अजून उभ्या असलेल्या सगळ्यांत जुन्या वास्तूंत हिची गणना होते. आतला त्रिविक्रम म्हणजे तीन पावलांत सगळं मागून घेणारा वामन, पाय वर उचललेला. बळीराजाचं राज्य येवो म्हणून दिवाळीला ओवाळणाऱ्या आपल्या मायबहिणींनी त्या उचललेल्या पायापुढं उभं राहून काय म्हणावं, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आम्ही तिथं गेलो की नमस्कार करून छपराच्या विटा बघत बसतो.

आणि गोरोबाकाका. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७, चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी समाधी घेतली. संतांची डोकी थापटण्यानं पारखून कोण कच्चं कोण पक्कं सांगणारा हा कुंभार. लोक त्या गोष्टीत नामदेवांची फजिती बघतात. आम्ही त्यात कारागिराचा मान बघतो. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यात पारख करायला सांगितली ती मडकं घडवणाऱ्याला. ज्या गावात त्याच्याआधी हजार वर्षं माती, तूस आणि जाळ यांचं गणित पक्कं झालेलं होतं, त्या गावचा तो कुंभार होता.

हे सगळं आज आपल्याला दिसतं ते एका माणसामुळं. याच गावचे रामलिंगप्पा लामतुरे. पावसाळ्यात पांढरी धुतली की मणी उघडे पडायचे, नांगराला नाणी लागायची, पोरं बाहुल्या खेळायला न्यायची. लामतुऱ्यांनी ते वर्षानुवर्षं जमवलं. पंडित नव्हते, पगार नव्हता. हजारो वस्तू झाल्या. त्यातूनच त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय इथं उभं राहिलं. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट तिथं आहे. एवढं जुनं लाकूड आपल्या हवेत टिकणं ही नवलाची गोष्ट. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही आहे. इटलीत पाँपेई नावाचं शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, तिथं १९३८ साली अशीच हिंदुस्थानी घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली. एक तेरणेकाठच्या मातीत राहिली आणि तिच्यासारखी दुसरी इटलीतल्या राखेत निघाली. कापड कुजून जातं, त्याचा पुरावा उरत नाही. हस्तिदंत टिकलं.

आता तो ट्रॅक्टर. पांढरी माती धाब्याच्या घराला चांगली, पाणी गळू देत नाही, म्हणून गढ्या आणि टेकाडं पूर्वीपासून खणली गेली. शेताला टाकली तर पहिल्या वर्षी पीक तरारतं, कारण तिच्यात राख आणि शेणखत मुरलेलं आहे. पूर्वी पाटीनं नेत, फार तर गाडीनं. यंत्र लागलं की एका रात्रीत टेकाडाचा कोपरा जातो. तळ्याचा गाळ पुढच्या पुरानं पुन्हा भरतो. पांढरी भरत नाही. एकेक थर म्हणजे शे-दीडशे वर्षांची घरं, चुली, कोठ्या. ती नुसती उकरून पाहिली तरी कशावर काय होतं ते कळायचं बंद होतं. सापडलेला मणी हातात राहतो, तो कुणाच्या घरातला हे जातं.

यावर सरकार म्हणतं, संरक्षित जागा आहे, हात लावू नका. आणि टेकाडाच्या कडेला ज्याचं शेत आहे तो म्हणतो, माझ्या सातबाऱ्यावर हा वारसा कशाला चढवता? मला विहीर खणू देत नाहीत, घर वाढवू देत नाहीत, आणि मोबदल्याचं नाव नाही. हा माणूस खोटं बोलत नाही. तळ्यात जमीन गेली त्याचं आणि टेकाडाखाली जमीन अडकली त्याचं दुखणं एकाच जातीचं आहे. सगळ्यांच्या भल्याचा खर्च एकाच्या खात्यावर लिहायचा, ही जुनी खोड आहे. म्हणून आमचं म्हणणं असं की पांढरी वाचलीच पाहिजे, आणि तिच्यापायी ज्याचं रान अडकलं त्याला दर वर्षी पिकाएवढा पैसा मिळाला पाहिजे, नाहीतर जमीन रोख भावानं घ्यावी. दुपारी ठराव मांडताना हे दोन्ही एकाच ठरावात घालावं. एक घातलं आणि दुसरं सोडलं तर आम्ही त्याला हात वर करणार नाही.

आपल्या हातातलं काम मात्र ठरावाची वाट बघत नाही. गाळ तळ्यातूनच उचलायचा, टेकाडाला यंत्र लावायचं नाही, लावलेलं दिसलं तर गावानं थांबवायचं. नांगराला नाणं, मणी, शिक्का, मूर्ती लागली तर भंगारवाल्याला आणि रात्री मोटारीनं येणाऱ्या पाहुण्याला द्यायची नाही. तो पाचशे देतो आणि पुढं किती घेतो हे कापसाच्या शेतकऱ्याला तरी समजावून सांगायला नको. जमिनीत दडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला खबर द्यावी, असा कायदा इंग्रजांच्या आणि निजामाच्या वेळेपासून आहे. खबर देताना कागद करून घ्या, त्यावर गट नंबर आणि सापडलं ती तारीख लिहा, एक प्रत आपल्याजवळ ठेवा. वस्तू कुठल्या रानात, किती हातावर निघाली, हे लिहिलं नाही तर संग्रहालयात ती नुसती शोभेला राहते.

जेवणाला दोन तास आहेत. संग्रहालय इथून चालत जाण्याजोगं आहे, तिथून त्रिविक्रम आणि मग समाधी असा फेरा घेता येईल. पोरांना बरोबर घेऊन जा. परंड्याच्या मंडळींनी मोटारीची वेळ सांगितली आहे, म्हणून भावाचा विषय बरोबर अडीचला सुरू होईल.